जमादाराच्या गळ्यातला काठ

नागपूरला गेलेला माणूस संत्र्यांची करंडी घेऊन परततो. करंडी मीही आणली, पण गाडीत ती मांडीवर घेऊन पोटाशी धरता आली नाही, कारण पोटावर सात सुयांच्या गाठी होत्या. "तिकडे एवढं काय झालं?" असं जुन्नरात आल्यापासून जो तो विचारतो आणि प्रत्येकाला सांगताना हकीकत थोडी वाढते. परवाच्या सांगण्यात कुत्रा वासराएवढा झाला, तेव्हा आमची मंडळी आतून म्हणाली, "आता एकदा लिहून टाका, म्हणजे त्याची वाढ तरी थांबेल." म्हणून हे लिहिणं. कुत्रा साधारण कुत्र्याएवढाच होता.

जाण्याचं कारण साधं होतं. थोरल्या कुसुमचं लग्न माघात ठरलं होतं. तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी "नागपुरी लुगडं" हे दोन शब्द असे काही उच्चारले, की त्यापुढे मुलीचं शिक्षण, पत्रिका आणि माझं घराणं सगळं फिकं पडलं. माझा मावसभाऊ बापूराव वीस वर्षं नागपुरात मास्तर आहे आणि राहतो थेट कोष्ट्यांच्या, म्हणजे विणकरांच्या, आळीत. त्याने एका चांगल्या मागावर लुगडं लावून ठेवलं होतं. जायचं, चार दिवस राहायचं, लुगडं घ्यायचं आणि परतायचं, असा बेत होता. घरून निघताना माझे बेत नेहमीच सुरेख असतात.

स्टेशन ते आळी

बापूराव स्टेशनावर आला होता. गळाभेट झाली, टांग्यात बसलो, सीताबर्डीच्या टेकडीवरचा किल्ला डावीकडे की उजवीकडे राहिला ते मला सांगता येणार नाही, कारण बापूराव सारखा बोलत होता आणि विषय होता कुत्री.

"नाना, तुमच्या जुन्नरात मोकाट कुत्र्यांचं काय करता?"

"हाड म्हणतो," मी म्हणालो.

"आणि पिसाळलं तर?"

"जरा मोठ्याने म्हणतो."

त्याला हसू आलं नाही. वीस वर्षांत भाषेसकट तो नागपूरचा झाला आहे. सभेत बोलावं तसं बोलताना 'मला, तुला' म्हणतो आणि मनातलं बोलायचं झालं की 'मले, तुले'वर येतो. आता तो 'मले'वर आला. "मले सांग, मागल्या साली आमच्या आळीतला ऐन पंचविशीतला पोरगा गेला. यमुनाबाईचा सर्वांत धाकटा दीर. तुझं लुगडं तिच्याच मागावर आहे. पिसाळलेला कुत्रा चावला, घरच्यांनी जखमेत तिखट भरलं, वरून गंडा बांधला. दीड महिन्यानं पाण्याचा पेला पाहून ओरडाय लागला. साऱ्या आळीनं ऐकलं ते."

पुढे त्याने सांगितलं ते असं. त्या पोराच्या मृत्यूनंतर लोकांनी आळीतली झाडून सारी कुत्री काठ्यांनी मारली. महिन्याभरात चहूकडून नवी आली, अनोळखी आणि अधिक भुकेली. तेव्हा यमुनाबाईच पहिल्यांदा म्हणाली, की ओळखीची कुत्री बरी होती. बापूरावाने जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. माणसाला कुत्रं चावल्यावर टोचतात तसं कुत्र्यालाच आधी टोचता येतं, हे त्याला तिथे कळलं. लस बाहेरगावाहून पेटीतून येई. एका पेटीत बारा कुत्री भागत, आणि तोवर एकच पेटी आली होती. आळीने मंडळ काढलं, बापूराव चिटणीस झाला. ज्या कुत्र्याला लस टोचली, त्याच्या गळ्यात आळीच्या मागावर विणलेला लाल-काळ्या काठाचा पट्टा बांधायचा असं ठरलं. मोकाट कुत्री मारत फिरणारे शिपाई पट्टेवाल्या कुत्र्याला हात लावत नसत.

"आणि कोणकोणत्या कुत्र्याला टोचलं, त्याची वही?" मी आपलं विचारलं.

"वही कशाला? पट्टा हीच आमची वही!" बापूराव म्हणाला. हे वाक्य त्याने सभेतही वापरलं असावं, कारण म्हणून झाल्यावर तो टाळीसाठी थोडा थांबला.

आळीतलं स्वागत

टांगा आळीत शिरला आणि मला वाटलं एखाद्या वरातीत आलो. ओट्यावर, उकिरड्यावर, नळाशी, जिकडे पाहावं तिकडे कुत्री, आणि प्रत्येकाच्या गळ्यात असा देखणा काठ, की आमच्याकडच्या मध्यम घरातली नवरी लाजावी. मी तीसपर्यंत मोजली. एका पेटीत बारा, हा हिशेब तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हरकत नव्हती. पण त्या वेळी बापूरावाच्या बायकोच्या, म्हणजे शांतावहिनींच्या, स्वयंपाकघरातून वास येत होता आणि माझं डोकं अशा वेळी पोटाला मुखत्यारपत्र देऊन मोकळं होतं.

जेवायला गोळाभात, म्हणजे बेसनाचे गोळे घातलेला भात, आणि पाटवडीचा रस्सा होता. रस्सा लालभडक, वर तेलाचा तवंग. पहिल्या घासाला मला घाम आला, दुसऱ्याला कानातून वारं गेलं, तिसऱ्याला वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्यासाठी फिक्का केला बरं का आज." जुन्नरात आम्ही तिखट तोंडी लावतो. इथे तिखट जेवतात आणि भात तोंडी लावतात.

शेपटी

दुसऱ्या दिवशी मी लुगडं पाहायला यमुनाबाईंकडे गेलो. पन्नाशीच्या, काटक, डोळे बारीक करून बघणाऱ्या. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून त्या मागावर बसल्या होत्या. लुगडं अर्ध्यावर आलं होतं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण मुलीच्या बापाने कपडा नुसता पाहायचा नसतो, पारखायचा असतो. म्हणून मी मान तिरकी केली, एक डोळा मिटला आणि लांबून कसं दिसतं ते बघायला रुबाबात दोन पावलं मागे सरकलो.

दुसरं पाऊल शेपटीवर पडलं.

शेपटीचा मालक जमादार नावाचा तांबूस कुत्रा होता. त्याने काही विचारपूस न करता माझी पोटरी धरली, आपलं म्हणणं मांडलं आणि सोडली.

त्यानंतर पाच मिनिटांत सारी आळी जमली. आमच्याकडे कुत्रं चावलं तर लोक आधी कुत्र्यामागे धावतात. इथे दोघे कुत्र्याला धरायला धावले आणि बाकीचे मला धरायला, कारण मी आडवा होत होतो.

"साबण आणा वं! नळाखाली धरा पाय!" यमुनाबाई खड्ड्यातून वर येत ओरडल्या. कुणीतरी तिखटाची वाटी घेऊन आलं होतं. तिच्यावर त्या अशा काही खेकसल्या, की वाटी आल्या पावली परत गेली. "कुत्र्याले मारू नका गा! बांधा त्याले. दहा दिवस जगला पाहिजे तो."

"आणि मी?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"तो जगला तर तुम्ही जगले जी," त्या म्हणाल्या. यापेक्षा स्पष्ट वैद्यकीय मत मला आजवर कुणी दिलेलं नाही.

इस्पितळातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त इंग्रजी मिसळून. चौदा दिवस रोज एक सुई पोटात. कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर बांधून ठेवायचा. तो धडधाकट राहिला तर सुया बंद. मध्ये आजारी पडला, मेला किंवा पळाला तर सुया पुऱ्या.

"पण डॉक्टर, माझा पाय शेपटीवर पडला म्हणून तो चावला," मी बाजू मांडली.

"पिसाळलेल्या कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडला तर तो चावत नाही, असं कुठे वाचलंत?"

मग त्यांनी सुई बाहेर काढली. ती मी पाहिली आणि पुढचं मला बापूरावाकडून कळलं.

दोन सुया आणि एक युक्तिवाद

जमादार बापूरावाच्या ओसरीच्या खांबाला बांधला गेला आणि समोरच्या बाकावर मी. चावल्याचा दिवस धरून दोन दिवसांत मी टांग्याने इस्पितळात जाऊन दोन सुया घेतल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी टांगा दाराशी आला तेव्हा माझ्या पोटाला टांग्याच्या घुंगरांनीच कळ आली.

बापूराव दात घासता घासता म्हणाला, "नाना, एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही बघ. जमादारच्या गळ्यात पट्टा आहे."

"मग?"

"मग म्हणजे? पट्टा आहे, म्हणजे टोचलेला आहे. टोचलेला आहे, म्हणजे पिसाळणार नाही. पिसाळणार नाही, म्हणजे तुला सुया कशाला?"

तर्कशास्त्रात इतकं निर्दोष आणि पोटाला इतकं सोयीचं असं काही मी पूर्वी ऐकलं नव्हतं. डॉक्टरांना एकदा विचारावं असं मनात आलं, पण विचारलं की ते नाही म्हणणार हे उघड होतं, म्हणून विचारलं नाही. टांगा परत पाठवला. एरवी मी कुणाचा सल्ला दोनदा विचारल्याशिवाय छत्रीसुद्धा घेत नाही.

पुढचे तीन दिवस फार सुखाचे गेले. मी संत्री सोलायचो, एक फोड मला, साल जमादाराला. तो ती हुंगून माझ्याकडे अशी नजर टाके की मला माझ्या शाळेतल्या हेडमास्तरांची आठवण होई. आळीतली माणसं येता-जाता "जमादार पाणी पिला काय जी?" असं विचारायची. आमच्या जुन्नरात पाहुण्याची तब्येत पाहुण्याला विचारतात, इथे ती कुत्र्याच्या पाण्यावरून कळे. आणि कुणीही रिकाम्या हाताने येत नसे. कुणी भाकरी टाकी, कुणी भात. जमादाराच्या आयुष्यात असे दिवस आले नव्हते. एका माणसाला चावून त्याचं जे सोनं झालं, ते इमानाने राहून कधी झालं नसतं.

मी घरी पत्र लिहिलं, की लुगड्याला वेळ लागतो आहे. हे खरंच होतं. बाकीचं लिहिलं नाही.

सहावा दिवस

चावल्यापासून सहाव्या दिवशी सकाळी जमादाराने भाकरीकडे पाहिलं नाही. मी पाण्याची परात पुढे सरकवली. त्याने तोंड फिरवलं. पुन्हा सरकवली. तो अंग चोरून खांबामागे गेला आणि तिथे डोळे अर्धे मिटून पडला.

"वहिनी," मी हाक मारली.

बातमीला पाय लागत नाहीत. ओसरी माणसांनी भरली. मागल्या साली पाण्याचा पेला पाहून ओरडलेला पोरगा तिथे प्रत्येकाला आठवत होता. तो कोणत्या घरात ओरडला, हेही त्यांना माहीत होतं. मला फक्त परात दिसत होती.

यमुनाबाई माग सोडून आल्या. कुत्र्यापाशी उकिडव्या बसल्या, त्याचे डोळे पाहिले, जबडा पाहिला. मग वळून मला म्हणाल्या, "सुया रोज चालू आहे नं तुमच्या?"

"नाही हो. तिसऱ्या दिवसापासून बंद. पट्टा आहे ना त्याला!"

त्यांनी पट्ट्याला हात घातला. "काहून बंद केल्या? काहून? याले नाही टोचली सुई! हे काय लिहून आहे त्याच्या गळ्यात?"

बापूराव पुढे झाला. "असं कसं? पट्टा—"

"मास्तर, पाहा तरी!" यमुनाबाईंनी जमादाराची मान हळूच वर केली आणि पट्ट्याच्या काठावर नख ठेवलं. "टोचलेल्याच्या काठाले काळे धागे सात. याच्या काठाले सहा. एक सोडला आहे. बारा पट्टे ठरले होते, बारा विणले. शिपाई येऊन राहिले होते, बाकीच्याईचा जीव चालला होता, म्हणून आणखी विणले. पण खोटं कसं विणू जी? म्हणून एक धागा सोडला. साऱ्या आळीले माहीत आहे."

मी सभोवार पाहिलं. म्हातारी, पोरी, बापये, सगळ्यांनी माना हलवल्या. होय, माहीत होतं.

"अरे, मग मले काहून नाही सांगितलं?" बापूराव ओरडला.

मागून एक म्हातारा कोष्टी म्हणाला, "आता मास्तर, तुम्ही एवढी मोठमोठी पुस्तकं वाचता. गळ्यातलं एवढं ठसठशीत तुमाले वाचता येत नसन, असं कोणाच्या मनात येईन?"

त्यांना खरोखरच तसं वाटलं होतं. पाहुण्याने सुया सोडल्या त्याअर्थी डॉक्टरांनीच सोडायला सांगितलं असेल, असं धरून ते तीन दिवस मला संत्री खाताना पाहत होते. सबंध आळीत काठ न वाचता येणारी माणसं दोनच होती. एक मंडळाचा चिटणीस आणि दुसरा ज्याला कुत्रा चावला तो.

टांग्यात माझ्या शेजारी यमुनाबाई बसल्या. कुणी बोलावलं नव्हतं. सीताबर्डीपाशी रस्त्याकडे पाहत म्हणाल्या, "दिराचं सारं केलं मी या हातांनी. आणि हेच हात असे पट्टे विणायले कसे चालले जी? तुमची पोरगी लग्नाची."

मला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. माणूस अशा वेळी मोठं काहीतरी बोलतो. मी म्हणालो, "शेपटीवर पाय माझा होता, बाई."

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि मला त्यांनी जे सुनावलं ते इथे लिहीत नाही, मुलं वाचतात. सुया पुन्हा सुरू झाल्या. त्या दिवशी मी सुईकडे डोळे उघडे ठेवून पाहिलं. ती लहान वाटली.

परात

परत आलो तर जमादार तसाच. मी बाकावर बसलो. कुसुमचं लग्न माघात, म्हणजे दीड-दोन महिन्यांवर. त्या पोरालाही दीड महिनाच लागला होता. अक्षता टाकताना मला कुणी पाणी दिलं तर, इथपर्यंत विचार जायचा आणि तिथे थांबायचा. यमुनाबाई समोरच्या पायरीवर बसून राहिल्या. माग त्या दिवशी बंद होता.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला जमादार उठला, पाठीची कमान केली, घशातून एक भयंकर आवाज काढला. बापूराव घरात पळाला. मी पळालो नाही, याचं श्रेय धैर्याला देऊ नका, माझे पाय चालत नव्हते. आणि मग जमादाराने ओसरीवर जे ओकलं, ते पाहून वहिनी म्हणाल्या, "अगंबाई! हे तर मटण!"

चौकशीत कळलं, की आदल्या दिवशी एका घरी बारसं होतं. तिथला उरलेला रस्सा, हाडांसकट आणि तिखटासकट, पाहुण्याच्या जिवाच्या काळजीपोटी तिघींनी, एकमेकींना न सांगता, जमादाराला घातला होता. ज्या रश्श्याच्या दुसऱ्याच घासाला माझ्या कानातून वारं गेलं, तसला रस्सा कुत्रा तीन वेळा प्यायला होता.

त्याने तोंड चाटलं. परातीकडे पाहिलं. मग सावकाश पुढे झाला आणि पाणी प्यायला लागला. लपलप आवाज सुरू झाला. ओसरीवर चाळीस माणसं उभी होती आणि कुणी हाललं नाही. मी आजवर नामवंतांची गाणी ऐकली आहेत, पण असं श्रोत्यांनी भान हरपून ऐकलेलं काही आठवत नाही.

"पिला वं," यमुनाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाशी धरून घरी गेल्या. थोड्या वेळाने त्यांच्या मागाचा खटखट आवाज आला.

दहाव्या दिवशी

तरी डॉक्टरांनी सुट्टी दिली नाही, आणि मीही मागितली नाही. आणखी चार सुया झाल्या. दहाव्या दिवशी जमादार ठणठणीत होता, किंचित लठ्ठही. डॉक्टरांनी स्वतः मान डोलावली आणि मी सुटलो.

त्याच दिवशी बापूरावाने सभा भरवली. ठराव असा होता, की सहा धाग्यांचे पट्टे ताबडतोब कापून टाकावेत. त्यावर त्याने अर्धा तास भाषण केलं. ते संपल्यावर एक बाई म्हणाली, "कापणार कोण? कापले की उद्या शिपाई येतीन." दुसरी म्हणाली, "आमच्यानं नाही होत." चिटणिसाने कात्री पुढे केली, ती हातोहात सभेत फिरली आणि चिटणिसाकडेच परत आली. त्याने ती खिशात ठेवली.

मग यमुनाबाई उठल्या. "पट्टे खोटे आहेत, तर खरे करा. डॉक्टरले म्हणा, पेट्या आणा."

या ठरावाला भाषण लागलं नाही. सुदैवाने नवी पेटी येऊन पडलेलीच होती, दुसरी वाटेत होती. दुसऱ्या सकाळी जनावरांचे डॉक्टर आळीत आले आणि लुगडं तयार असूनही मी माझी गाडी एक दिवस पुढे ढकलली. कारण विचाराल तर जमादाराला धरणार कोण, असा प्रश्न होता. दहा दिवस समोरासमोर बसल्यामुळे तो माझ्याखेरीज कुणाला जवळ येऊ देत नव्हता. मलाही फार येऊ देत नव्हता, पण मी मात्र शेपटीकडे नीट लक्ष ठेवून होतो.

मी त्याचं डोकं काखेत धरलं. डॉक्टरांनी सुई टोचली. जमादाराने असा टाहो फोडला की पलीकडच्या आळीतली कुत्री भुंकली.

"एक घेतलीस तर एवढं!" मी म्हणालो. "मी सात घेतल्या, लेका."

"तुम्ही तर पहिलीच्या आधीच बेशुद्ध पडले होते जी," कुणीतरी म्हणालं. आळीत काही लपून राहत नाही.

डॉक्टर पुढच्या कुत्र्याकडे वळले आणि यमुनाबाई आमच्यापाशी येऊन बसल्या. त्यांच्याही हातात सुई होती, काळा दोरा ओवलेली. पट्टा गळ्यातून न काढता, जमादाराच्या मानेशी वाकून, त्या सोडलेल्या जागी एकेक टाका घालत धागा भरत गेल्या. कुत्रा हलला नाही. मीही हललो नाही. दोरा दातांनी तोडून त्या मागे सरकल्या आणि मला म्हणाल्या, "घ्या, वाचा आता."

मी चष्मा पुसला. डोळे ताणले. पट्टा मला काल दिसत होता तसाच दिसत होता.

"खरं सांगू?" मी म्हणालो. "नाही दिसत."

त्या हसल्या. माझं बोट धरून त्यांनी काठावरून हळूहळू फिरवलं. एक, दोन, तीन अशा बारीक रेघा बोटाखालून जात राहिल्या, आणि सातवी आली ती इतरांपेक्षा जरा उंच होती, नवी होती, आणि तिच्याखाली जमादाराचा गळा शांतपणे वरखाली होत होता.